मेंदूत रक्तस्राव, तरीही हेपरिन? एका निष्कर्षाची उलटतपासणी

मागच्या पोस्टमध्ये आपण ‘जोखीम’ हा शब्द संशोधनात कसा वापरतात ते पाहिलं. आज त्याचाच एक खराखुरा नमुना घेऊ. आजाराचं नाव जरा लांबलचक आहे: सेरेब्रल व्हीनस थ्रॉम्बोसिस. मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरांमध्ये गुठळी होते, तो हा आजार. पुढे सोयीसाठी मी त्याला सीव्हीटी म्हणेन.

या आजाराच्या निकालांवरचे शोधनिबंध चाळले की एका अर्थाचं वाक्य पुन्हा पुन्हा भेटतं: दाखल होतानाच मेंदूत रक्तस्राव असेल तर रुग्णाची परिस्थिती पुढे वाईट होण्याची शक्यता वाढते. हे वाक्य खोटं नाही. पण पेपरातून वॉर्डात आणि वॉर्डातून नातेवाइकांपर्यंत पोचताना त्याचा अर्थ घसरत जातो. ‘शक्यता वाढते’चं ‘आता काही खरं नाही’ होतं. कधी कधी तर ‘रक्तस्राव झालाय, मग गुठळीचं औषध नकोच’ इथपर्यंत गाडी जाते. हा शेवटचा अर्थ जिवावर बेतू शकतो. म्हणून ही उलटतपासणी.

एक खुलासा आधीच करते. मी वैद्यकीय डॉक्टर नाही. माझी पीएचडी संख्याशास्त्रात आहे आणि आजारांच्या निकालांचे अंदाज कसे बांधले जातात हा माझा विषय आहे. त्यामुळे हे लिखाण पुराव्याची चिकित्सा म्हणून वाचा, उपचाराचा सल्ला म्हणून नको.

आधी आजार समजून घेऊ

‘सायनस’ म्हटलं की आपल्याला सर्दी, डोकं जड होणं, वाफ घेणं आठवतं. इथले सायनस वेगळे. मेंदूभोवतीच्या जाड आवरणात रक्त वाहून नेणारे मोठे मार्ग असतात, त्यांनाही सायनस म्हणतात. त्यातला एक मोठा मार्ग, सुपिरिअर सॅजिटल सायनस, आपण मधोमध भांग पाडतो त्याच रेषेखालून, कवटीच्या आतून, पुढून मागे जातो. मेंदूच्या पृष्ठभागावरच्या शिरा त्यात येऊन मिळतात.

आपल्या ओळखीचा ‘स्ट्रोक’ बहुतेक वेळा धमनी बंद पडल्यामुळे होतो. म्हणजे रक्त येणंच थांबतं. सीव्हीटीमध्ये रक्त येत राहतं, पण बाहेर जायची वाट तुंबते. मोरी तुंबलेली असताना नळ चालूच राहिला तर काय होतं, ते डोळ्यांसमोर आणा. पाणी साचतं, दाब वाढतो आणि शेवटी नको तिथून बाहेर येतं. मेंदूत तसंच होतं. बारीक शिरा आणि केशवाहिन्यांमधला दाब वाढतो, आजूबाजूला सूज येते आणि त्या भिंती फुटल्या की रक्तस्राव होतो.

हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा वाद यावरच आहे. या आजारात रक्तस्राव हा बहुधा गुठळीचाच परिणाम असतो. रक्त ‘फार पातळ’ झाल्यामुळे तो झालेला नसतो.

आजार तसा विरळा, पण तो तरुण माणसांना गाठतो. गरोदरपण, बाळंतपणानंतरचे आठवडे, गर्भनिरोधक गोळ्या, रक्त गोठण्याचे आनुवंशिक दोष, कर्करोग, कान किंवा डोक्यातला जंतुसंसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं ही त्याची ओळखीची कारणं. बाळंतिणीचं डोकं सतत दुखतंय, उलट्या होतायत, मग अचानक फिट आली, असा त्याचा चेहरा असू शकतो. म्हणजे निकालाचा प्रश्न इथे फार बोचरा आहे. घरी तान्हं बाळ आहे आणि आत आईच्या सीटी स्कॅनवर पांढरा डाग दिसतोय.

मूळ आकडे कुठून आले?

या विषयाचा पाया म्हणजे २००४ साली ‘स्ट्रोक’ या नियतकालिकात आलेला आयएससीव्हीटी हा आंतरराष्ट्रीय अभ्यास. पोर्तुगालचे न्यूरॉलॉजिस्ट जोझे फेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २१ देशांतल्या ८९ केंद्रांमधून ६२४ प्रौढ रुग्ण घेतले. भरती १९९८ ते २००१ या काळात झाली. विरळ आजारात एवढे रुग्ण जमवणं, तेही आधी ठरवून आणि पुढे पाठपुरावा करून, हे खरोखर मोठं काम आहे. त्याआधी हाताशी होत्या त्या बहुतेक एकेका रुग्णालयाच्या जुन्या फायली.

निकाल काय आला? शेवटच्या पाठपुराव्यापर्यंत ८.३ टक्के रुग्ण दगावले. मृत आणि परावलंबी मिळून १३.४ टक्के. ५७ टक्के रुग्णांना कसलंही लक्षण उरलं नव्हतं. त्या काळापर्यंत या आजाराची भीती केवढी होती ते पाहता, ही मोठी दिलाशाची बातमी होती.

मग ‘कोणाचं वाईट होतं?’ असा प्रश्न विचारला गेला. उत्तरात आठ गोष्टी आल्या: ३७ पेक्षा जास्त वय, पुरुष असणं, कोमा, मानसिक स्थितीत बिघाड, दाखल होतानाच्या स्कॅनवर रक्तस्राव, मेंदूच्या खोलवरच्या शिरांमधली गुठळी, मज्जासंस्थेचा जंतुसंसर्ग आणि कर्करोग. यात रक्तस्रावाचा हॅझार्ड रेशो जवळपास १.९ होता. ढोबळमानाने, बाकीच्या गोष्टी सारख्या धरल्या तर वाईट निकालाचा वेग रक्तस्राव असलेल्यांमध्ये जवळजवळ दुप्पट.

‘दुप्पट’ हा शब्द डोक्यात बसतो. इथूनच घसरण सुरू होते.

पहिला आक्षेप: दुप्पट म्हणजे किती?

याच ६२४ रुग्णांमधल्या रक्तस्राव झालेल्यांचा वेगळा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. २४५ जणांना, म्हणजे ३९ टक्क्यांना, सुरुवातीलाच रक्तस्राव होता. सहा महिन्यांनी त्यातले ५१ जण मृत किंवा परावलंबी होते, म्हणजे २१ टक्के. रक्तस्राव नसलेल्या ३७९ जणांमध्ये हा आकडा ४५, म्हणजे १२ टक्के.

आता हेच उलटं वाचा. रक्तस्राव असलेल्या दर १०० जणांमध्ये ७९ जण सहा महिन्यांनी जिवंत होते आणि आपापली कामं स्वतः करत होते. रक्तस्राव नसलेल्यांमध्ये ८८. फरक आहे, आणि तो लहान नाही. १०० मागे नऊ संसार म्हणजे थोडं नव्हे. पण रक्तदाब वाढून धमनी फुटते तेव्हाच्या मेंदूतल्या रक्तस्रावाचं भवितव्य यापेक्षा कितीतरी वाईट असतं. ती जुनी भीती आपण नकळत इथे चिकटवतो, कारण मराठीत दोन्हींना एकच नाव आहे: ‘ब्रेन हॅमरेज झालं’.

माझी तक्रार लेखकांवर नाही. दोन्ही प्रकारचे आकडे छापलेले आहेतच. तक्रार आपल्या वाचण्याच्या सवयीवर आहे. सारांशातला रेशो उचलायचा आणि तक्ता सोडून द्यायचा, ही ती सवय. नातेवाइकांना ‘धोका दुप्पट’ सांगणं आणि ‘शंभरातले जवळपास ऐंशी आपल्या पायावर उभे राहतात’ सांगणं, दोन्ही खरं आहे. ऐकणाऱ्याचा पुढचा निर्णय मात्र दोन्हींमुळे वेगळा होऊ शकतो.

दुसरा आक्षेप: ‘रक्तस्राव: हो / नाही’

मॉडेलमध्ये रक्तस्रावासाठी एकच चौकोन आहे. त्यात टिकमार्क करायचा किंवा नाही. पण स्कॅनवर दिसणाऱ्या गोष्टी एकसारख्या नसतात. सुजलेल्या भागात पसरलेले बारीक रक्ताचे ठिपके वेगळे, मेंदूला एका बाजूला ढकलणारा मोठा गोळा वेगळा, आणि पृष्ठभागाच्या घड्यांमध्ये पसरलेलं पातळ रक्त वेगळं.

एक प्रकार तर आपल्याला लगेच ओळखता येईल असा आहे. मेंदूच्या बाह्यस्तराच्या अगदी खाली, छोटा, किंचित वाकलेला, आजूबाजूला सूज जवळपास नसलेला रक्तस्राव. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१४ साली त्याचं वर्णन करताना त्याला काजूगराची उपमा दिली. कोकणातल्या किंवा गोव्याच्या वाचकाला चित्र काढून दाखवायची गरज नाही! भांगाखालच्या त्या मोठ्या सायनसमधल्या गुठळीशी या प्रकाराचं नातं आहे. म्हणजे असा ‘काजू’ दिसला तर सीव्हीटी शोधा, असं तो सुचवतो. निदानाला मदत करणारी खूण आहे ती.

आता हा लहानसा काजू आणि मेंदू ढकलणारा मोठा गोळा, दोघांनाही एकाच चौकोनात घातलं की १.९ हा आकडा कोणाचा? दोघांचाही नाही. तो त्या अभ्यासातल्या मिश्रणाचा सरासरी आकडा आहे. समोरच्या रुग्णाला तो जसाच्या तसा लावणं म्हणजे घाटावरच्या आणि कोकणातल्या पावसाची सरासरी काढून छत्री घ्यायची की नाही ते ठरवण्यासारखं.

असाच एक बारीक मुद्दा वयाचा. ३७ ही सीमारेषा कुठून आली? त्या अभ्यासातल्या रुग्णांचं मध्यक वय ३७ होतं. म्हणजे नमुन्याचे दोन सारखे भाग पाडणारी ती रेघ आहे. शरीरात ३७ व्या वाढदिवसाला काही उलथापालथ होत नाही. चढत जाणारी गोष्ट मधोमध तोडून दोन खोके करणं सोपं असतं, पण त्यात माहिती सांडते.

तिसरा आक्षेप: गुणपत्रिका आपण वाचतच नाही

२००९ साली याच गटाने धोक्याची एक गुणपत्रिका तयार केली. कर्करोगाला २ गुण, कोमाला २, खोलवरच्या शिरांच्या गुठळीला २. मानसिक स्थितीतल्या बिघाडाला १, पुरुष असण्याला १ आणि मेंदूतल्या रक्तस्रावाला १. एकूण ३ किंवा जास्त गुण झाले की वाईट निकालाचा धोका जास्त धरायचा.

गंमत बघा. शुद्धीवर असलेली, कर्करोग नसलेली, वरच्या शिरांमध्ये गुठळी असलेली एक बाई आहे आणि तिला रक्तस्राव झालाय. तिचे गुण: १. तशाच एका पुरुषाला रक्तस्राव अजिबात नाही. त्याचेही गुण: १. पण ‘तुम्ही पुरुष आहात, आता काही खरं नाही’ असं कुणी म्हणतं का? रक्तस्राव डोळ्यांना दिसतो, फिल्मवर पांढराशुभ्र चमकतो, म्हणून मनात त्याला आपोआप जास्त गुण मिळतात. आकडा तसं म्हणत नाही.

जीव नेमका कशाने जातो? याच अभ्यासातल्या मृत्यूंचं वेगळं विश्लेषण २००५ साली झालं. सुरुवातीच्या दिवसांतल्या मृत्यूंचं मुख्य कारण होतं मेंदूचा भाग दाबाने खाली सरकणं, म्हणजे हर्निएशन. म्हणून पाहायचं ते रक्ताचा आकार, सूज आणि शुद्ध हरपतेय का, याकडे. नुसतं ‘रक्तस्राव आहे’ एवढ्यावर थांबायचं नाही.

आणि आता मुख्य भांडण: हेपरिन

‘डोक्यात रक्तस्राव झालाय आणि तुम्ही रक्त पातळ करायचं इंजेक्शन देताय?’ हा प्रश्न कुठल्याही नातेवाइकाला पडेल, आणि पडायलाच हवा. यातला अर्धा गोंधळ आपल्या शब्दाने केलाय. हेपरिनमुळे रक्त पातळ होत नाही. दुधात पाणी घालावं तसं काही घडत नाही. ते रक्त गोठण्याच्या प्रक्रियेला आवर घालतं. झालेली गुठळी ते थेट विरघळवत नाही, पण ती वाढू देत नाही. दरम्यान शरीर आपल्या पद्धतीने वाट मोकळी करतं. मोरीच्या भाषेत सांगायचं तर हेपरिन नव्याने गाळ साचू देत नाही.

तर्क पटण्यासारखा आहे, पण तर्क म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा किती आहे?

१९९१ साली जर्मनीतल्या आइनहॉइप्ल आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक ट्रायल छापली. २० रुग्ण, १० जणांना हेपरिन, १० जणांना प्लासिबो. हेपरिनच्या गटात ८ जण पूर्ण बरे झाले, २ जणांत थोडी उणीव राहिली, मृत्यू एकही नाही. प्लासिबोच्या गटात १ पूर्ण बरा, ६ जणांत उणीव, ३ मृत्यू. फरक एवढा दिसला की ट्रायल तिथेच थांबवली.

त्याच निबंधात दुसरी माहिती होती, १०२ जुन्या रुग्णांच्या नोंदींची. रक्तस्रावानंतर ज्या २७ जणांना हेपरिन मिळालं त्यातले ४ दगावले, म्हणजे १५ टक्के. ज्या १३ जणांना मिळालं नाही त्यातले ९ दगावले, म्हणजे ६९ टक्के.

हेपरिनच्या बाजूने बोलणारे हा आकडा आवडीने सांगतात. पण मी हेपरिनच्या बाजूची असले तरी उलटतपासणी दोन्हीकडची झाली पाहिजे. त्या १३ जणांना हेपरिन का दिलं नाही? चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं ते. कदाचित ते आधीच अत्यवस्थ होते आणि डॉक्टरांना औषध देणं धोक्याचं वाटलं असेल. कदाचित काही जण औषध सुरू होण्याआधीच गेले आणि ‘न मिळालेल्यां’त मोजले गेले. अशा वेळी औषध न मिळणं हे मृत्यूचं कारण नसून येणाऱ्या मृत्यूची सावली असू शकतं. आमच्या विषयात या सापळ्याला नाव आहे आणि परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न येतो. १५ विरुद्ध ६९ हा आकडा दिशा दाखवतो, अंतर मोजून देत नाही.

दुसरी ट्रायल १९९९ ची, नेदरलँड्समधल्या डी ब्रुइन आणि स्टाम यांची. नाड्रोपॅरिन विरुद्ध प्लासिबो, सुमारे ६० रुग्ण. तीन आठवड्यांनी वाईट निकाल २० टक्के विरुद्ध २४ टक्के, बारा आठवड्यांनी १३ विरुद्ध २१. कल औषधाकडे, पण फरक योगायोगाने पडलेला नाही असं छातीठोक सांगता येईल एवढा नाही. २०११ च्या कॉक्रन आढाव्यात या दोन ट्रायल मिळून रुग्ण भरले ७९. त्यात मृत्यूचं सापेक्ष प्रमाण आलं ०.३३, पण विश्वासांतर ०.०८ पासून १.२१ पर्यंत. म्हणजे ‘मृत्यू नव्वद टक्क्यांहून जास्त कमी होतात’ इथपासून ‘किंचित वाढतात’ इथपर्यंत सगळं शक्य.

मग सगळे मार्गदर्शक दस्तऐवज रक्तस्राव असतानाही हेपरिन द्या का म्हणतात? युरोपियन स्ट्रोक ऑर्गनायझेशननेही २०१७ मध्ये तेच म्हटलं. कारण सगळ्यांना भीती ज्या गोष्टीची होती, ती दिसली नाही. रक्तस्राव असलेले रुग्णही या ट्रायलमध्ये घेतलेले होते, आणि औषध मिळालेल्यांमध्ये लक्षणं निर्माण करणारा मेंदूतला नवा रक्तस्राव एकालाही झाला नाही. माझ्या मते हेपरिनच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच आहे. ६९ टक्क्यांचा भडक आकडा त्याच्यापुढे कच्चा आहे. ७९ रुग्णांमध्ये न दिसणं म्हणजे कधीच न होणं नव्हे, हेही खरं. पण तर्क, दोन ट्रायलचा कल, सुरक्षिततेची ही नोंद आणि न दिल्यास गुठळी वाढण्याचा धोका, हे सगळं तराजूत टाकलं तर पारडं देण्याकडे झुकतं.

गोळ्यांचं थोडक्यात. पुढचे काही महिने वॉरफरिन द्यायचं की नव्या पिढीची औषधं, यावर २०१९ मध्ये १२० रुग्णांची रि-स्पेक्ट सीव्हीटी ट्रायल आली. डाबिगाट्रान आणि वॉरफरिन, दोन्ही गटांत गुठळी पुन्हा झाली नाही आणि मोठा रक्तस्राव दोन्हींकडे तुरळक. नव्या औषधांना वारंवार आयएनआर तपासणी लागत नाही. जिथे तपासणीसाठी तालुक्याला जायचं म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते, तिथे हा फरक किरकोळ नाही. मात्र गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना ही नवी औषधं सहसा देत नाहीत. म्हणजे आपल्याकडच्या एका मोठ्या गटाला हा फायदा मिळतच नाही.

हे आकडे आपल्यासाठी आहेत का?

आयएससीव्हीटीत जवळपास तीनचतुर्थांश रुग्ण स्त्रिया होत्या. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटच्या नोंदवहीतल्या ४२८ रुग्णांमध्ये निम्म्याहून जास्त पुरुष होते, आणि जोखमीच्या कारणांमध्ये रक्तक्षय, होमोसिस्टीन वाढणं, दारू यांना ठळक जागा होती. रुग्णांचं मिश्रण बदललं की ‘पुरुष असणं’ या खुणेचा अर्थही बदलू शकतो. कारण ती खूण बहुधा पुरुषपणाची नसून, गर्भनिरोधक गोळ्या किंवा बाळंतपण यांसारखं येऊन-जाऊन असणारं कारण नसल्याची असते. म्हणून परदेशी गुणपत्रिका इथे वापरताना ती इथल्या रुग्णांवर तपासून घ्यावी लागते. ही औपचारिकता नव्हे.

आणि ‘चांगला निकाल’ म्हणजे तरी काय? बहुतेक अभ्यास रँकिन मोजपट्टी वापरतात. ० म्हणजे काहीच लक्षण नाही, ६ म्हणजे मृत्यू, आणि ० ते २ म्हणजे स्वतःचं स्वतः करता येतं. पण रोज डोकं दुखणारी, दुपारपर्यंत थकून जाणारी, हिशेबात चुका होऊ लागलेली शिक्षिका या पट्टीवर १ किंवा २ वर बसते. संशोधनाच्या लेखी ती यशस्वी निकाल. हेलसिंकीतल्या १६१ रुग्णांच्या दीर्घ पाठपुराव्यात नेमकं हेच दिसलं. मोजपट्टीवर बहुतेक जण उत्तम, तरी कामावर न परतलेल्यांचा गट मोठा. ज्या आजाराचे रुग्ण तिशी-पस्तिशीतले असतात, तिथे ही पट्टी फार मोठ्या छिद्रांची चाळणी आहे.

शेवटचं टोक

काही रुग्णांत रक्तस्राव आणि सूज इतकी वाढते की औषधाने भागत नाही. तेव्हा कवटीचा तुकडा काढून मेंदूला जागा करून देतात. अशा अत्यवस्थ ११८ रुग्णांचा डीकॉम्प्रेस-२ हा अभ्यास २०२४ मध्ये आला. वर्षभरानंतर दोनतृतीयांश जिवंत होते आणि एकतृतीयांशाहून जास्त स्वावलंबी. तुलनेसाठी शस्त्रक्रिया न केलेला गट यात नाही, ही त्याची मर्यादा. पण मेंदू सरकू लागलेल्या माणसाला चिठ्ठी टाकून शस्त्रक्रियेविना ठेवणं कुणाच्या मनाला पटेल?

इथे अंदाजशास्त्राचा सगळ्यात वाईट धोका दिसतो. ‘रक्तस्राव मोठा आहे, निकाल वाईटच’ म्हणून शस्त्रक्रिया केली नाही, रुग्ण गेला, आणि त्याची नोंद पुढच्या अभ्यासात ‘रक्तस्राव म्हणजे वाईट निकाल’ अशी झाली. भाकीत स्वतःच स्वतःला खरं करतं. आपण ज्या आकड्यांवरून निर्णय घेतो, ते आकडे आधीच्या निर्णयांतूनच आलेले असतात.

म्हणून यापुढे हे वाक्य वाचलंत, किंवा कुणाच्या स्कॅनबद्दल ऐकलंत, तर चार प्रश्न विचारा. रक्तस्राव किती मोठा आणि कुठल्या प्रकारचा आहे? शुद्ध कशी आहे? खोलवरच्या शिरा मोकळ्या आहेत का? आणि रक्तस्राव असूनही हेपरिन सुरू केलंय का, नसेल तर नेमकं कशामुळे? चौथ्या प्रश्नाचं उत्तर कधी कधी ‘अमुक कारणामुळे नाही’ असंही असू शकतं, आणि ते योग्यही असू शकतं. फक्त ‘रक्तस्राव झालाय ना, म्हणून’ एवढंच उत्तर आलं, तर ते पुरेसं नाही. हे सांगण्याइतका पुरावा आज आपल्याकडे नक्की आहे.